अर्धे मोदक परत

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी.
हवा दमट. वारा नाही. समुद्र दिसत नाही. (तीस वर्षं इंजिनरूमचं लॉगबुक लिहिलं, त्यामुळे हात आपोआप इथूनच सुरू होतो. कंपनीने गुडघ्याचं कारण काढून मला घरी बसवलं, पण हाताला तसं कोणी कळवलेलं नाही.)
उकडीचे मोदक मीच केले. बायकोला, मेधाला सुट्टी नाही, नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या तिच्या पेशंटांचे गुडघे गणपतीसाठी थांबत नाहीत. लेकीची, इराची, कॉलेजची परीक्षा. पिठी लिटिल इंडियातून आणली, नारळ खाली तोआ पायोहच्या मार्केटातून. पहिले सहा फुटले. उकड कोरडी होती. पुढच्यांना हाताला तूप लावलं, मग सुरळीत.
आरती झाल्यावर शेजारच्या मॅडम लिमना दहा नेऊन दिले, स्टीलच्या डब्यात घालून. मॅडम लिम ऐंशीच्या, एकट्या राहतात. चिनी शाळेतल्या निवृत्त मास्तरीणबाई. मला 'चीफ' म्हणतात, माझा जहाजावरचा हुद्दा. दिवसभर ह्या मजल्यावर आम्ही दोघंच. त्या जाळीच्या दारामागे खुर्ची टाकून बसतात आणि मी गुडघ्यासाठी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतो.
डबा दोन्ही हातांनी घेतला. वास घेतला. "यू मेक? चीफ मेक?" बरं वाटलं. मोदकांपेक्षा ते करणाऱ्या हाताचं कौतुक झालं ह्याचं बरं वाटलं, खोटं कशाला लिहा.

८ सप्टेंबर, रविवार
डबा परत आला. आत पाच मोदक. माझेच.
गणपतीचा प्रसाद. परत.
मे. (मेधा) म्हणते, म्हाताऱ्या बाईला दहा कसे जातील? मी म्हटलं, मग दोन उरतील, चार उरतील. बरोबर पाच कसे उरले? मे. म्हणाली, "तू ना श्रीकांत, जहाजावरून अजून उतरलाच नाहीस."
एक फोडून पाहिला. सारण ठीक, गूळ ठीक. कळ्या जरा जाड. पण जाड कळ्यांसाठी कोणी प्रसाद परत करतं का?
पाचही मीच खाल्ले. प्रसाद टाकता येत नाही. रागाने खाल्ला तरी चालतो बहुतेक.

१४ सप्टेंबर, शनिवार
आता त्यांचा सण. मॅडम लिमकडून मूनकेक आले. खोका असा, की आत दागिने असावेत. ड्रॉवर, रेशमी कापड, वर चंद्र. आत चार केक, प्रत्येकाच्या पोटात बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक.
मी चहाबरोबर एक अख्खा खाल्ला. इरा शाळेपासून इथली, ती किंचाळलीच, "बाबा! कट आठ पीस लाह! हा वडापाव नाही." उशिरा सांगितलं. दुपारभर पोटात जहाजाच्या तळातलं वजन, बॅलास्ट, भरल्यासारखं.
उरलेले तीन तिघांनी संपवले. खोका परत करायचा की नाही ह्यावर घरात चर्चा. मी म्हटलं, आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं तरी आपल्यात उरलंय की नाही? इरा म्हणाली, बाबा, तो पुठ्ठा आहे, भांडं नाही. दुर्लक्ष केलं. खोक्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरून दिला.

१६ सप्टेंबर
अर्धा चिवडा परत. दाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सगळं प्रमाणात अर्धं.
ही बाई निवडून बसते की काय?

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.
फराळ जोरात झाला. चकलीची भाजणी मेधाच्या बहिणीने पुण्याहून पाठवलेली. सोऱ्याचा दांडा निसटला, लेथवर करून घ्यावा असं मनात आलं, शेवटी मार्केटातल्या हार्डवेअरवाल्याकडून नट आणून बसवला.
ह्या खेपेला परीक्षाच घ्यायची ठरवली. मॅडम लिमच्या डब्यात लाडू आणि सात चकल्या. सात. बघू कशी अर्धी करते.

३ नोव्हेंबर, रविवार
साडेतीन आल्या.
सातवी चकली मधोमध मोडून, कागदी रुमालात गुंडाळून. लाडूंचंही तेच. वर हसून, "व्हेरी नाइस, चीफ. व्हेरी क्रिस्पी."
मे. पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. नाइस असेल तर ठेवा ना बाई. एखाद्याने मनापासून करावं, आणि समोरच्याने 'तुमचं एवढंच पुरे' म्हणून उरलेलं हातात द्यावं, हा अपमान नाही तर काय?

१९ नोव्हेंबर
पाऊस. गुडघा ठणकतोय.
मॅडम लिमचा पंखा बंद पडला होता. उघडला, कपॅसिटर गेलेला. बदलून दिला. तेवढ्या वेळात त्यांनी मला तिओच्यूमध्ये, त्यांच्या घरच्या चिनी बोलीत, दहापर्यंत आकडे शिकवले, चुकलं की टेबलावर पट्टी आपटत होत्या. खरीखुरी लाकडी पट्टी, शाळेतली.
डब्यांचा राग बाजूला ठेवून एक कबूल करतो. जहाजावर शेजार नसतो. केबिनबाहेर हुद्दे असतात. मला आयुष्यात पहिल्यांदा शेजार मिळालाय, तोही ह्या वयात, आणि दुपारी त्या जाळीशी उभं राहून चार शब्द बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. मेधाला सांगितलं नाही. चिडवेल.

२१ डिसेंबर, शनिवार
आज मोठी चूक केली की बरोबर केलं, कळत नाही.
चिन्यांचा हिवाळ्याचा सण. मॅडम लिम पातेलंच घेऊन आल्या. आल्याच्या पाकात तांदळाच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या, गरम. "ईट, चीफ. ईट, थेन वन इयर ओल्डर."
दार लावलं आणि डोक्यात सातवी चकली आली. म्हटलं, तुम्ही माझं अर्धं परत करता? थांबा. मी सगळंच करतो. आपण उदारपणात कमी नाही.
पातेलं जसंच्या तसं उचललं. वर झाकणावर चिवड्याची पुडी ठेवली, रीत म्हणून. जाळीशी जाऊन म्हटलं, "मॅडम, थँक यू, वुई आर फुल."
त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. पुडी बाहेरच्या स्टुलावर ठेवली, झाकण उचलून गोळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पातेलं आत घेतलं. मग जाळीमागचं लाकडी दार लावलं. दिवसा ते दार लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
पुडी जाळीबाहेर स्टुलावरच राहिली.

२८ डिसेंबर
लाकडी दार बंद.
मे. म्हणाली, "काय केलंस?" सांगितलं. ती म्हणाली, "गोळ्या तरी खायच्यास रे. गरम होत्या."

६ जानेवारी, सोमवार
दार बंद. आत टीव्ही चालू असतो. म्हणजे तब्येत ठीक आहे.
फेऱ्या मारतो. त्यांच्या दाराशी आलो की चपला मुद्दाम वाजवतो. काही नाही. इरा म्हणते, "बाबा, सॉरी म्हण ना, फिनिश." सॉरी कशाबद्दल? मोदक तर त्यांनी परत केले. पण दुपारचा चहा उतरत नाही, हे खरं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
आज लिहायला खूप आहे.
वर्षात हा एक दिवस असा आहे, की भांडलेल्या माणसाच्या दारात विनाकारण जाता येतं. तिळाच्या वड्या घेतल्या, गेलो, बेल दाबली. दार उघडलं. म्हटलं, मॅडम, आमच्यात आज हे देऊन 'गोड बोला' म्हणतात, आणि मागचं भांडण आपोआप संपतं.
त्या म्हणाल्या, "ऑटोमॅटिक? हू सो क्लेव्हर, मेक धिस रूल?"
आत बोलावलं. पट्टी टेबलावरच होती, म्हणून नीट बसलो.
मग म्हणाल्या, "चीफ, यू वॉन्ट कट, ऑर नॉट कट?" काय कट? "फ्रेंड. कट फ्रेंड."
मी चक्रावलो. म्हटलं, कट तुम्ही केलंत, पाच मोदक परत देऊन. प्रसादाचे. आता त्या चक्रावल्या. मग डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मग शाळा घेतली. ती इथे मराठीत उतरवतो:
त्यांची आजी चीनमध्ये, बादशहाच्या अमलात, एका बड्या सरकारी अंमलदाराच्या घरी कामाला होती. सणावाराला ह्या घरातून त्या घरात खाण्याच्या पेट्या जायच्या. खांद्यावर दांडी, दोन्ही टोकांना पेट्या. आजी पोरसवदा होती तेव्हापासून त्या नोकरांबरोबर जायची. ज्या घरी पेटी जाई, तिथली मालकीण उघडून बघे, थोडं काढून घेई, उरलेलं पुन्हा पेटीत ठेवून परत पाठवी. सगळं ठेवून घेतलं तर लोक म्हणत, हे घर हावरट आहे. सगळं परत केलं तर त्याचा अर्थ, आमचा-तुमचा संबंध संपला. अर्धं ठेवून अर्धं परत म्हणजे, तुमचा मान ठेवला, आणि तुमच्याही ताटात सणाचं काही राहू दिलं. आजी सांगायची, परतताना पेटी खांद्यावर किती जड आहे त्यावरूनच नोकरांना दोन घरांचं कसं चाललंय ते कळे, मालकीणबाईंना नंतर.
एकदा म्हणे एक खारवलेला हॅम आठ-दहा घरं फिरून, कोणीच न कापता, नवीन वर्षाला पहिल्याच घरी परत आला. त्याच लाल फितीसकट. मी म्हटलं, आमच्याकडे दिवाळीत सोनपापडी अशी फिरते. त्यांना हे फार आवडलं.
मी खरं काय ते सांगितलं, की आमच्यात प्रसाद परत करणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. आणि रिकामा डबा परत देणं अशुभ. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आय या. आय रिटर्न युवर गॉड?"
"हाफ," मी म्हटलं.
म्हणजे गेले चार महिने त्या माझा मान राखत होत्या आणि मी त्या पातेल्याने त्यांना सभ्य शब्दांत 'संबंध संपला' म्हणालो होतो. मूनकेक चारही ठेवून घेतले तेव्हा हावरट ठरलो होतो, ते वेगळंच. "आय थिंक, पुअर चीफ, नो जॉब, हंग्री," म्हणाल्या. मेधाला हे सांगितल्यावर ती कॉटवर आडवी होऊन हसली.
तिळाच्या वड्यांपैकी अर्ध्या मॅडम लिमनी परत दिल्या. घेतल्या. कधी नव्हे इतक्या आनंदाने.

२९ जानेवारी, बुधवार. चिनी नवीन वर्ष.
दोन संत्री घेऊन गेलो, दोन्ही हातांनी दिली. त्यांनी दुसरी दोन मला दिली. म्हणजे देवाणघेवाण शून्य, पण दोन्ही घरं समाधानी. इंजिनियर म्हणून मला हे पटायला नको, पण पटलं.
मग त्यांनी अननसाच्या टार्टची बरणी आणली. मी न सांगता अर्धे काढून घेतले, अर्धे परत दिले. मोजून. मास्तरीणबाईंनी पट्टीने टेबलावर टक टक केलं. पास झालो असावा.
त्यांचा मुलगा केल्विन आला होता, पन्नाशीचा, पुंगोलला राहतो. बरणीकडे बघत होता. 

१५ फेब्रुवारी, शनिवार
केल्विन लिफ्टपाशी भेटला. माझीच वाट बघत उभा होता.
आईची शुगर खूप वाढलीय. जुना डायबेटिस. मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मोदक, लाडू, वड्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. तो सभ्य माणूस, एकदम विषयाला हात घातला नाही. म्हणाला, तुमच्याशी तिचं छान जमतं, पण प्लीज, काही पाठवू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टेस्ट आहे. उतरली नाही तर मी तिला पुंगोलला घेऊन जाणार, एकटं ठेवता येणार नाही. सक्ती कुणाची नाही, पण मला रात्री झोप लागत नाही, म्हणाला. त्याचंही खरं आहे.
पुंगोल म्हणजे ह्या बेटाचं दुसरं टोक. जाता-येता भेटण्यातलं नाही.
माझ्या मोदकांनी शेजार घालवणार मी.

१३ मार्च, गुरुवार. होळी.
पुरणपोळ्या केल्या नाहीत. मे.ने विचारलं नाही. इराने विचारलं, तिला बाहेरून काहीतरी मागवून दिलं.
दुपारी जाळीतून, "चीफ, धिस मंथ नो फेस्टिवल?"
म्हटलं, नाही. त्यांच्याकडे बघून खोटं बोलणं अवघड आहे, चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई. "केल्विन टेल यू," म्हणाल्या.  मग बराच वेळ त्या मुलावर तिओच्यूमध्ये बोलल्या, मला त्यातले फक्त आकडे कळले.
शेवटी शांत झाल्या. म्हणाल्या, पुंगोलला कॉरिडॉर नाही. कॉन्डो. दार लावून घेतलं की संपलं, समोर कोण राहतं ते त्यांच्या सुनेलाही माहीत नाही. "देअर, हू टू रिटर्न हाफ?"
 पंख्याला तेल देतो म्हटलं. पंख्याला तेलाची गरज नव्हती.

२९ मार्च, शनिवार
उद्या पाडवा. सण आहे आणि डबा पाठवायचा नाही. पाठवला तर शुगर. नाही पाठवला तर, त्यांच्या हिशेबात, तोडलं.
मे. ओट्याशी म्हणाली, "अरे, पाडव्याला गोड आधी थोडंच असतं. आधी कडुलिंब."
ही बाई माझ्याशी लग्न करून फुकट गेली. मंत्री व्हायला हवी होती.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
सकाळीच लिटिल इंडिया. कडुलिंबाची जुडी, कोवळी फुलं सापडली. चटणी: पानं, फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मीठ, चिंचेचा कोळ. गूळ नाही. गुळाशिवाय ही चटणी म्हणजे शिक्षाच. मे.ने एक चमचा खाल्ला आणि न बोलता तोंड धुवायला गेली. परत येऊन म्हणाली, "श्रीकांत, कडुलिंबाने शुगर उतरत नाही. गोळ्यांनी उतरते. आणि गोळ्यांबरोबर हे रोज द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय." म्हटलं, एका सणाचं एक वाटीभर आहे. केल्विनला फोन करून सांगितलं. तो हसला, म्हणाला, हे आई खाणारच नाही, बिनधास्त द्या.
गुढी बाल्कनीत, पंच्यासकट. डबा घेऊन गेलो. सांगितलं की आमचं वर्ष कडू खाऊन सुरू होतं. मॅडम लिमनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि प्रथमच काही चांगलं बोलल्या नाहीत.
अर्धं परत येणार. अर्धं काय, चमचाभर कमी होऊन येईल. तरी रीत पार पडली.

१ एप्रिल, मंगळवार
काल डबा आला नाही. कधी एवढा वेळ लागला नव्हता.
आज दुपारी बेल. मॅडम लिम स्वतः, काठी टेकत. डबा दिला. हातात हलका लागला. उघडला. रिकामा. धुवून, पुसून, चकचकीत.
बघतच राहिलो. आमच्यात रिकामा देत नाहीत, हे त्यांना मीच सांगितलेलं. त्यांच्यात सगळं ठेवून घेत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलेलं.
"मॅडम, हाफ?"
"नो हाफ. ईट ऑल."
"सगळं? ते कडू?"
"व्हेरी बिटर." चेहरा अजून वाकडा होता. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "फ्रायडे ब्लड टेस्ट. आय डोन्ट वॉन्ट गो पुंगोल, चीफ."
ऐंशी वर्षं अर्धं परत करत आलेली बाई ती वाटी चाटूनपुसून खाऊन आली होती.  नाक पुसायला आत गेलो, परत आलो तर त्या तिथेच उभ्या. "टुमॉरो गॉट सम मोर?"
कडुलिंबाने काही होणार नाही, हे मे.ने सांगितलेलं पुन्हा त्यांना सांगितलं. गोळ्या घेता ना, विचारलं. घेतात. खिशातून गोळ्यांची डबी काढून तिच्यावर लिहिलेले वार दाखवले. "आय नो, आय नो. टीचर, नॉट स्टुपिड." मग म्हणाल्या, तरी आण.
मे.ला फोन केला. ती म्हणाली, चमचाभर दे, जास्त नाही.
उद्या डबा नेणार नाही. दोन छोट्या वाट्या नेणार. एक त्यांना, एक मला. एवढं कडू खाताना समोर कोणीतरी बसलेलं असावं.
शुक्रवारी टेस्ट.